मास्तरचा नाकपट्टा

३ जानेवारी

धाकटे,

हे पत्र मिळेल तेव्हा तुला पागेत रुजू होऊन आठवडा झालेला असेल. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू नुसतं "हो जाऊबाई, हो जाऊबाई" करतेस आणि मागे भांडी घासत असतेस, मला इथवर ऐकू येतं. शिवाय लेकीचं घर दोन खोल्यांचं. मी घोड्यांबद्दल बोलायला लागले की जावईबापू टीव्हीचा आवाज कमी करतात. बिचारे चांगुलपणानेच करतात, पण मग मला बोलता येत नाही.

कंबर मोडली तेव्हा मला पागेतून उचलूनच नेलं, त्यामुळे तुला नीट काही सांगायचं राहिलं. चौदा वर्षांचं काम दहा मिनिटांत तुझ्या हातात दिलं. बाकीचे घोडे तू सांभाळशील. हे पत्र मास्तरबद्दल आहे.

मास्तर म्हणजे उजव्या रांगेतला शेवटचा, तांबूस. कागदावर त्याचं नाव भलतंच लांबलचक आहे. कपाळाला आठी घालून असा बघतो, की आपण गृहपाठ न करता वर्गात आलोय असं वाटावं. म्हणून मीच त्याला मास्तर म्हणायला लागले, मग सगळेच म्हणायला लागले. खरारा डाव्या खांद्यापासून सुरू करायचा. पोटाखाली ब्रश चालत नाही, नुसता हात. पाण्याची बादली निळीच लागते, लाल ठेवलीस तर तहानलेला राहील पण तोंड लावणार नाही.

आता मुख्य. लगाम चढवताना नाकावरून एक पट्टा जातो आणि जबड्याखाली त्याचं बक्कल लागतं, तो नाकपट्टा. त्याच्या आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दोन म्हणजे दोन. ट्रेनर म्हणतील, आवळ, हा तोंड उघडतो, परीक्षक गुण कापतात. तू हसून हो म्हण आणि दोन बोटं ठेव. घोड्याला जबडा हलवता आला पाहिजे, तोंडातली कडी चघळता आली पाहिजे. करकचून आवळलं की घोडा शांत दिसतो. दिसतो, एवढंच.

माझा पागेतला निळा स्वेटर मी इथे आणलाय. लेक रोज धुवायला मागते. मी देत नाही.

मी विचारलंय म्हणून मास्तरला सांग. नको, सांगू नकोस. त्याला काय कळणार.

तुझी
जाऊबाई


११ जानेवारी

जाऊबाईंना नमस्कार,

पत्र मिळालं. ह्यांनी मोठ्याने वाचलं आणि भांडी घासायच्या वाक्याला इतके हसले की मला पत्र हातातून ओढून घ्यावं लागलं.

मास्तरांची आणि माझी ओळख झाली. मी त्यांना अहो-जाहोच करते, मोठ्यांचा मान राखायचा असं तुम्हीच शिकवलंय ना मला, लग्न होऊन आल्यापासून! पहिल्या दिवशी त्यांनी माझा डोक्याचा रुमाल खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी रुमाल बांधला नाही तर केस खायला आले. तिसऱ्या दिवशी मी डोळे वटारले, तेव्हा कुठे आमचं जमलं. मी रोज दोन तास खरारा करते म्हटल्यावर हे म्हणतात, "घरातल्या माणसाच्या पाठीवरूनही एकदा हात फिरव." म्हटलं, आधी रांगेत उभे राहा.

नाकपट्टा तुम्ही सांगितलात तसाच. रोज दोन बोटं घालून बघते, अगदी सहज जातात. तरी ट्रेनर म्हणाले, "शाब्बास, आवळायला शिकलीस." मी हसून हो म्हटलं. मार्चमध्ये मोठी स्पर्धा आहे. मास्तर पंधरा वर्षांचे झाले, या वेळी रिंगणात नीट चालले नाहीत तर विकून टाकायचं असं मालकीणबाईंनी ठरवलंय म्हणे. तुम्हाला माहीत असेलच.

एक विचारायचं होतं. काम झालं की मी लगाम काढून त्यांच्या नाकावरून हात फिरवते. त्यांना फार आवडतं. डोळे मिटतात, खालचा ओठ लोंबतो, सगळं डोकं माझ्या खांद्यावर टाकतात, आणि केवढं जड असतं हो! तर तिथे पट्ट्याच्या जागी हाडावर एक उंचवटा लागतो, आणि त्यावर चार पांढरे केस आहेत. ते कशाचं?

तुमची
धाकटी


१९ जानेवारी

धाकटे,

ते लहानपणीचं आहे. दाराला नाक आपटलं होतं. दुखत नाही आता.

विकायचं मला माहीत नव्हतं. मला कोण सांगणार? मी तिथली कोण आता?

डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन चालायला लागा. चौथ्या मजल्यावरून खाली उतरायचं आणि कुठे जायचं? खिडकीतून बसचा डेपो दिसतो. सकाळी गाड्या धुतात, तेव्हा सिमेंटवर पाण्याचा आवाज होतो आणि अर्धवट झोपेत मला वाटतं पागाच धुतायत. मग पूर्ण जाग येते.

काल लेकीचा हात धरून तिच्या पर्सचा पट्टा शिवायला चांभाराकडे गेले होते. तेल लावलेलं चामडं पुढ्यात ठेवलं होतं त्याने. मी वास घेत उभी राहिले. लेक म्हणाली, "आई, चल ना, लोक बघतायत." तिचंही खरंच आहे.

मला बाकी काही लिहू नकोस, त्याचं लिही. चारा संपवतो का, मान कुठे खाजवून मागतो, नाल ठोकायला आले की अजून मागचा उजवा पाय द्यायला नखरे करतो का. सगळं लिही, कंटाळा येईस्तोवर.

आणि पट्टा सैलच ठेव. विकायला काढलाय म्हणून ट्रेनर आणखी मागे लागतील.

जाऊबाई


६ फेब्रुवारी

जाऊबाई,

नमस्कार-चमत्काराला आज वेळ नाही.

काल लगाम काढला तर कडीला रक्त. तोंड उघडून बघितलं. दोन्ही गालांना आतून जखमा आहेत, दाढांवर घासून सोललंय सगळं. पट्ट्याखाली नाकावरचे केस गेलेत. पशुवैद्य आले आणि मला सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्याच तोंडाला असा पट्टा बांधून जेवायला बसवू का तुम्हाला?" मी म्हटलं, दोन बोटं जातात हो, रोज बघते! त्यांनी विचारलं, "कुठे जातात?" मी दाखवलं. बाजूला, गालापाशी. म्हणाले, "तिथे नाही, बाई."

तुमची दोन बोटं, जाऊबाई! मी तुमचं पत्र लगामांच्या खोलीत खिळ्याला टोचून ठेवलं होतं. रोज वाचून करत होते. महिनाभर माझ्याच हाताने त्याचं तोंड सोललं मी, आणि तो रोज काम झालं की माझ्याच खांद्यावर डोकं टाकत होता.

धाकटी


९ फेब्रुवारी

धाकटे,

रडू नकोस. चूक माझी आहे, तुझी नाही.

बोटं बाजूला घालायची नाहीत. गालापाशी मांस मऊ असतं, पट्टा कितीही आवळलेला असला तरी बोटं तिथे जागा करून घेतातच. समोर उभं राहायचं. नाकाच्या मधोमध, वर, जिथे हाड आहे तिथे एकमेकींशेजारी दोन बोटं सरकली पाहिजेत. हाड दबत नाही, तिथे फसवाफसवी होत नाही. मी ते लिहायला हवं होतं. राहून गेलं.

जखमा भरेपर्यंत लगाम अजिबात चढवू देऊ नकोस. मीठ घातलेल्या कोमट पाण्याने तोंड धू, नळीने, हळू. गाजर किसून दे. आणि ऐक, तो तोंड का उघडतो ते कुणी बघितलंय का? आधी उघडत नसे. गेल्या पावसाळ्यापासून सुरू झालं. दातांच्या डॉक्टरला दाखवा असं मी सांगत होते, तेवढ्यात माझी कंबर गेली.

तोंड धुताना तो तुला धुवू देतो का?

जाऊबाई


२० फेब्रुवारी

जाऊबाई,

धुवू देतो. नळी बघून पहिल्या दिवशी बुजला, आता स्वतःच तोंड पुढे करतो. जखमा भरल्या.

कालपासून लगाम चढवला. समोर उभी राहून, नाकाच्या हाडावर, दोन बोटं. आणि त्याने परत तोंड उघडलं, अगदी जांभई दिल्यासारखं. ट्रेनर तापले. म्हणाले, "बरा शांत झाला होता, तो बिघडवलास." दातांचा विषय मी काढला, तर म्हणाले की डॉक्टरची तारीख स्पर्धेनंतरचीच मिळतेय आणि स्पर्धा पाच मार्चला आहे.

मग मला बाजूला घेऊन समजावून सांगितलं. रिंगणात फक्त चार मिनिटं असतात. तेवढ्यापुरतं दोन भोकं पुढे घ्यायचं, बाहेर आलं की सोडायचं. चार मिनिटांत काय बिघडतं? घोडा पागेत राहील, नाहीतर जाईल कुठे कोण जाणे. शेवटी म्हणाले, "तुझ्या जाऊबाईंनी बांधला होता तेव्हा पहिला नंबर आला होता. विचार त्यांना."

म्हणून विचारते. खरं आहे का? आणि ते दाराला नाक आपटलेलं, तेही खरं आहे का?

तुमच्यावर राग नाही माझा. पण मला पाच तारखेला त्याच्यासमोर उभं राहायचंय आणि बक्कल माझ्या हातात असणार आहे. मला खरं सांगा.

धाकटी


२४ फेब्रुवारी

धाकटे,

दार नव्हतं.

नऊ वर्षं झाली. तो सहा वर्षांचा होता, तोंडातली कडी नवी होती, टोचत असावी. ट्रेनर मला म्हणाले तेच शब्द, चार मिनिटं, दोन भोकं. मी आवळला. बक्कल शेवटच्या भोकात जाईना, तेव्हा गुडघा भिंतीला टेकवून ओढलं. त्याने पाय आपटला नाही, काही नाही. माझ्याकडे बघत होता. आई मुलाला ताप बघायला जवळ घेते तेव्हा मूल कसं निमूट बघतं, तसा.

पुतळ्यासारखा चालला रिंगणात. टाळ्या काय, कौतुक काय! आणि चार मिनिटं कुठली गं? आधी रांगेत उभं राहणं, मग रिंगण, मग बक्षिसाची वाट बघणं, मग फोटो. अडीच तास. सोडायचं मला सुचलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला फोटोत बोलावलं होतं. मालकीणबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होत्या, "घोडा किती शांत ठेवलाय हिने," आणि मी हसत होते. तो माझ्या शेजारीच उभा होता.

पागेत येऊन पट्टा काढला तर केस पट्ट्याला चिकटून आले. दोन दिवस त्याने चारा खाल्ला नाही. मी दाराला आपटल्याचं सांगितलं आणि सगळ्यांनी मान्य केलं, कारण सगळ्यांना तेच सोयीचं होतं. हाडावर उंचवटा राहिला.

आता आणखी एक. पहिल्या पत्रात बोटं कुठे घालायची ते राहून गेलं असं मी म्हटलं. राहून गेलं नव्हतं. लिहिलं होतं मी, नाकाच्या हाडावर म्हणून, आणि मग ते पान फाडून नवीन घेतलं. तिथे बोटं घातलीस तर उंचवटा लागेल, तू विचारशील, असं मनात आलं. दोन बोटं म्हटलं की कळेल तिला, अशी समजूत घातली स्वतःची. तुला उंचवटा तरीही लागला. आणि मी लपवल्यामुळे त्याचं तोंड दुसऱ्यांदा सोललं.

तू लिहिलंस, तो नाकावरून हात फिरवू देतो, डोळे मिटतो. ती ओळ वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसले. मला नऊ वर्षांत एकदाही नाही. लगाम चढवू द्यायचा, ते काम म्हणून. खाजवून घ्यायचा, मागे मागे यायचा, माझा आवाज ऐकला की दारावर पाय आपटायचा. पण काम संपल्यावर नुसतं प्रेमाने नाकाकडे हात नेला की मान वर. छतापर्यंत. रोज मला वाटायचं, आज नाही घेणार. मी तिथे नऊ वर्षं कशासाठी राहिले असं कुणी विचारलं, तर खरं सांगायचं तर एवढ्यासाठीच.

पाच तारखेला काय करायचं ते मी सांगणार नाही. सांगायचा हक्क माझा राहिलेला नाही. आवळला नाहीस तर तो जाईल, आणि मग मला तो कधीच दिसणार नाही, हे मला कळतंय. तरी त्याचा विचार तू माझ्यासाठी करू नकोस.

जाऊबाई


१७ मार्च

जाऊबाईंना नमस्कार,

तुमचं पत्र आलं त्यानंतर चार दिवस मी घरात बोलले नाही. ह्यांनी विचारलं, "वहिनीशी भांडलीस का?" म्हटलं, नाही, अजून ठरवते आहे. खरं सांगते, अजूनही पुरतं ठरलेलं नाही. तुम्ही घोड्याला केलंत त्याचं मी काय बोलणार, महिनाभर मीही तेच केलं. पण ते पान तुम्ही फाडायला नको होतं.

पाच तारखेला मी आवळला नाही. ट्रेनर आवळायला पुढे आले, तर मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही आवळणार असाल तर मी आत्ता इथून परीक्षकांच्या टेबलापाशी जाते आणि त्यांना बोटं घालून बघायला सांगते." मास्तरच्या खांद्याला धरून उभी होते. ट्रेनरनी मला जे म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. हे म्हणतात, लिही, वहिनी हसतील. नाही लिहीत.

मास्तरने सबंध वेळ तोंड उघडं ठेवलं. शेवटून दुसरे आलो. मालकीणबाई उठून गेल्या.

नंतर दातांचा डॉक्टर आला. वरच्या पहिल्या दाढेचा तुकडा उडालेला निघाला, डाव्या बाजूला. लगाम खेचला की कडी तिथेच जाऊन लागायची. मास्तर सांगत होता हो गेल्या पावसाळ्यापासून, आणि आपण सगळे त्याचं तोंड बांधायला निघालो होतो. दाढ घासून गुळगुळीत केली. दुसऱ्या दिवशी लगाम चढवून, पट्टा सैलच ठेवून फिरवला तर तोंड मिटलेलं. ट्रेनरनी बघितलं. तेव्हापासून लगामांच्या खोलीत आले की माझ्या खिळ्यावरच्या कागदाकडे बघत नाहीत.

तरी व्हायचं ते झालंच. मालकीणबाईंनी मास्तरला पाठवून दिलं. कसायाकडे वगैरे नाही, घाबरू नका. अपघातातून, आजारातून उठलेली माणसं घोड्यावर बसून हळूहळू चालायला शिकतात, अशी एक संस्था आहे, तिथे. दोर धरून चालवतात, तोंडात कडी नाही, नाकपट्टा नाही. पशुवैद्यांनी शब्द टाकला. मी त्यांच्या मागे लागले होते हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

तो गाडीत चढला तेव्हा मागे वळूनही बघितलं नाही, शहाणा! मी मात्र रिकाम्या खोलीत निळी बादली घेऊन बसले होते. मला आता एक काळी घोडी दिली आहे. तिला लाल-निळ्याचं काही नाही.

संस्थेचा पत्ता मागच्या पानावर लिहिला आहे. तुमच्या त्या डेपोतून दीड तासाची बस आहे, मी चौकशी केली. तुम्ही काठी घेऊन चालायला लागला असालच. मंगळवारी दुपारी लोकांना येऊ देतात. जा म्हणत नाही, पत्ता देते.

तुमची
धाकटी


१६ एप्रिल

धाकटे,

काल जाऊन आले.

तीन मंगळवार मी फुकट घालवले. एकदा कंबर दुखते म्हणाले, एकदा पाहुणे येतील म्हणाले, एकदा बसपर्यंत जाऊन परत आले. लेक म्हणाली, "आई, घोड्याला भेटायला जातेस की स्थळ बघायला?" खरं म्हणजे मला भीती वाटत होती. चार महिन्यांत तो मला विसरला असेल याची. मग वाटायचं, विसरलाच असेल तर बरंच की. नव्या बाईसारखी जाईन, नाकावरून हात फिरवीन, तोही फिरवू देईल. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगते.

जागा चांगली आहे. मोठं पटांगण, कडेला झाडं, पाण्याचे हौद स्वच्छ. मी गेले तेव्हा एक आजोबा त्याच्यावर बसलेले होते. त्यांचा एक हात लुळा होता, दुसरा हात त्याच्या आयाळीत. मास्तर असा चालत होता, की पायाखाली कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही. डोक्याला नुसता दोर. तोंड मिटलेलं, मध्येच उगाच चघळल्यासारखं करायचा. नाक मोकळं. मी त्याला इतकं निरखून कधी बघितलंच नव्हतं. नेहमी काही ना काही बांधायच्या किंवा सोडायच्या घाईत असायचे.

आजोबा उतरले. त्यांनी त्याच्या नाकावर थोपटलं, आणि त्याने डोळे मिटले. तू लिहिलं होतंस तस्संच, खालचा ओठ लोंबतो.

त्याला सांभाळणारी मुलगी चांगली आहे, बोलकी. म्हणाली, "या ना आजी, काही करत नाही तो, फार मायाळू आहे." मी कुंपणाच्या आत गेले. हाक मारली नाही. काठी बाजूला टेकवून ठेवली. तो खाली मान घालून गवत हुंगत होता. मी हळूच, अगदी हळूच, त्याच्या नाकाकडे हात नेला.

मान वर. छतच नव्हतं तिथे, नाहीतर छतापर्यंत.

आणि वरून माझ्याकडे बघत राहिला, आठी घालून. पण मागे सरकला नाही. एक पाय जमिनीवर आपटला त्याने, मग आणखी एकदा.

ती मुलगी गोंधळली. म्हणाली, "अरेच्चा! असं कुणालाच करत नाही हो तो. तुम्ही नवीन आहात ना, म्हणून असेल."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मला हसू आलं. मी म्हटलं, "नवीन नाही गं मी."

तुझी
जाऊबाई